पत्त्यांचा हिशेब मांडणारा परदेशी: अब्राहम डी मॉयव्हर



गणपतीचे जागरण असो, दिवाळीनंतरचा निवांत रविवार असो, नाहीतर पावसाने घरात कोंडून ठेवलेला ख्रिसमसचा आठवडा असो, मराठी घरात पत्त्यांचा कॅट बाहेर निघतोच. मुले बदाम सात आणि झब्बू मांडतात, मोठी माणसे मेंढीकोट खेळतात, आणि रात्र चढली की रमी किंवा तीन पत्ती रंगते. प्रत्येक बैठकीत कोणीतरी आपली पाने उघडून बघतो आणि कपाळाला हात लावतो. चारही दश्श्या नेमक्या समोरच्या जोडीकडेच कशा जातात? मला एकही एक्का का येत नाही? आपण हसतो, नशिबाला बोल लावतो आणि पुढचा डाव वाटतो.

या प्रश्नांना नशिबाऐवजी आकड्यांनी उत्तर देता येते. ते उत्तर पद्धतशीर मांडून दाखवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक इथेच, आपल्या लंडनमध्ये राहत होता. तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. ज्यांनी अकरावी-बारावीला गणित घेतले होते त्यांना कॉम्प्लेक्स नंबर्सच्या धड्यातला डी मॉयव्हरचा सिद्धांत आठवत असेल. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो सोडून दिला, पण ते नाव कोणाचे हे फारसे कोणी सांगितले नाही. आजच्या लेखात आम्ही या अब्राहम डी मॉयव्हरची ओळख करून देत आहोत. फ्रेंच उच्चार 'द म्वाव्र' असा काहीसा होतो. पण आपल्या कॉलेजांत रुळलेले नावच आम्ही इथे ठेवले आहे. परदेशात नावाचे काय काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नकोच!

शाळा बंद, देश बंद

अब्राहमचा जन्म २६ मे १६६७ रोजी फ्रान्सच्या शँपेन प्रांतातल्या व्हित्री-ल-फ्राँस्वा या गावी झाला. वडील शल्यवैद्य होते. घर प्रॉटेस्टंट, म्हणजे तिथल्या भाषेत ह्युगनॉट. फ्रान्स हा कॅथलिक राजाचा देश. १५९८ मध्ये निघालेल्या नांतच्या फर्मानामुळे प्रॉटेस्टंट लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली होती. पण अब्राहम वाढत होता त्या काळात राजा चौदावा लुई ही मोकळीक एकेका तुकड्याने काढून घेत होता.

याची झळ मुलाच्या शिक्षणालाच बसली. अकरा वर्षांचा असताना त्याला सदाँ इथल्या प्रॉटेस्टंट विद्यालयात घातले. तिथे तो ग्रीक शिकला. काही वर्षांतच सरकारने ते विद्यालय बंद केले. मग तो सोम्यूरला तर्कशास्त्र शिकायला गेला. गणित त्याच्या अभ्यासक्रमात फारसे नव्हते, म्हणून ते तो स्वतःच पुस्तके मिळवून वाचू लागला. त्यातच त्याच्या हाती डच शास्त्रज्ञ ह्यूगन्सची एक छोटी पुस्तिका लागली. विषय होता, फाशांच्या आणि पैजांच्या खेळात कोणाची बाजू किती वरचढ हे कसे मोजावे. पोराला तिची गोडी लागली आणि ती पुढे आयुष्यभर पुरली. नंतर पॅरिसला जाऊन त्याने ओझानाम नावाच्या शिक्षकाकडे गणिताची खासगी शिकवणी लावली.

ऑक्टोबर १६८५ मध्ये लुईने नांतचे फर्मान रद्दच केले. प्रॉटेस्टंट चर्चे पाडली गेली, धर्मगुरूंना हद्दपार केले गेले, आणि बाकीच्यांनी देश सोडून जाऊ नये म्हणून बंदी घातली गेली. तरीही लाखांहून अधिक माणसे लपतछपत सीमा ओलांडून हॉलंड, जर्मनी आणि इंग्लंडला गेली. अब्राहम आणि त्याचा भाऊ दानिएल हेही त्यांत होते. अब्राहम लंडनला पोचला तेव्हा जेमतेम विशीचा होता. त्यापुढचे सारे आयुष्य त्याने या शहरात काढले.

शिकवण्या आणि खिशातली पाने

लंडनमध्ये त्याच्याजवळ एकच भांडवल होते, ते म्हणजे गणित. सरदार-उमरावांच्या मुलांना घरी जाऊन शिकवायचे आणि तासाचे पैसे घ्यायचे, हा त्याचा उद्योग झाला. एका घरून दुसऱ्या घरी पायी जायचे. इथे आल्यावर त्याने आडनावामागे 'द' जोडून घेतले. फ्रान्समध्ये त्याचे वडील नुसतेच म्वाव्र होते. खानदानी घरांत शिकवणी मिळवायची तर नावालाही थोडे वजन हवे, असा व्यवहार त्यामागे असावा. नव्या देशात आल्यावर नाव थोडे बदलून घेणारा तो पहिला नव्हता आणि शेवटचाही नाही.

एकदा डेव्हनशरच्या सरदाराकडे गेला असता त्याला तिथे एक नवे पुस्तक दिसले. ते १६८७ मध्ये आलेले न्यूटनचे प्रिन्सिपिया होते. चाळताना त्याच्या ध्यानात आले, की आपल्याला गणित येते असे आपण समजत होतो, पण हे पुस्तक आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याने एक प्रत विकत घेतली. ती जाडजूड होती आणि वाचायला निवांत वेळ नव्हता. मग त्याने पाने फाडून काढली. रोज काही पाने खिशात घालायची आणि एका शिकवणीहून दुसरीकडे जाताना रस्त्यात वाचायची, असा क्रम ठेवला. आपल्यातले कितीतरी जण ट्यूबमध्ये उभ्याने परीक्षांचा अभ्यास करून पुढे आले आहेत. त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

या मेहनतीचे फळ त्याला मिळाले. १६९२ च्या सुमारास धूमकेतूवाल्या हॅलीशी त्याची ओळख झाली. हॅलीनेच त्याचा पहिला लेख १६९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला आणि १६९७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, डी मॉयव्हर सोसायटीचा फेलो झाला. न्यूटनशी तर त्याची चांगलीच मैत्री जमली. म्हातारपणी न्यूटनकडे कोणी गणितातली शंका घेऊन आले तर तो त्याला डी मॉयव्हरकडे पाठवून देई आणि त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळते असे सांगे, अशी आख्यायिका आहे.

एवढे असूनही कायमची नोकरी त्याला कधीच मिळाली नाही. विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळावी म्हणून त्याने खटपट केली. जर्मनीतून लाइबनिट्झनेही त्याच्यासाठी प्रयत्न करून पाहिले. काही जमले नाही. परदेशी माणूस, पाठीशी कोणी बडे नाही, हे कारण सांगितले जाते. पुढे न्यूटन आणि लाइबनिट्झ यांच्यात कॅल्क्युलस आधी कोणी शोधले यावरून जुंपली. १७१२ मध्ये रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली तेव्हा तिच्यात डी मॉयव्हरलाही घेतले. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला त्याच्याविरुद्धच्या समितीत बसायची वेळ आली, आणि तो बसला. निर्वासिताला आसरा देणाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे लागते, असे आम्हाला यावरून वाटले. प्रत्येकाने आपापले मत बनवावे.

तेरा पत्त्यांचे दोन गठ्ठे

आता मूळ विषयाकडे, म्हणजे पत्त्यांकडे वळू. फासे आणि पत्ते यांचा हिशेब करणारा डी मॉयव्हर पहिला नव्हे. सोळाव्या शतकात इटलीतल्या कार्दानो नावाच्या वैद्याने, जो स्वतः अट्टल जुगारी होता, यावर लिहून ठेवले होते. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रांतून असेच प्रश्न सोडवले. १६५७ मध्ये ह्यूगन्सची पुस्तिका निघाली आणि १७०८ मध्ये फ्रान्समध्ये माँमोर याचे पुस्तक आले. डी मॉयव्हरने १७११ च्या सुमारास रॉयल सोसायटीसाठी या विषयावर लॅटिनमध्ये एक मोठा लेख लिहिला. त्याचेच वाढवलेले इंग्रजी पुस्तक १७१८ मध्ये आले, 'द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस'. ते त्याने न्यूटनला अर्पण केले.

या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने पत्त्यांचे एक साधे उदाहरण घेतले आहे. आपणही ते घरी करून बघू.

एका रंगाचे तेरा पत्ते घ्या, समजा बदामचे. दुसऱ्या रंगाचे तेरा घ्या, समजा इस्पिकचे. दोन्ही गठ्ठे पिसून पालथे ठेवा. प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक पान न बघता उचला. दोन्ही एक्केच निघण्याची शक्यता किती? पहिल्या गठ्ठ्यात तेरात एक. दुसऱ्यातही तेरात एक. एका गठ्ठ्यात काय निघाले याचा दुसऱ्यावर काहीच परिणाम नाही. म्हणून दोन्हींचा गुणाकार करायचा: तेरा गुणिले तेरा, म्हणजे १६९ त एक.

आता एकच गठ्ठा घ्या. त्यातून आधी एक्का आणि लगेच नंतर दुर्री काढून दाखवायची आहे. एक्क्याची शक्यता तेरात एक. पण एक्का निघाल्यावर गठ्ठ्यात बाराच पाने उरली. म्हणून दुर्रीची शक्यता बारात एक. गुणाकार १५६ त एक.

दोन उत्तरांत फरक फार नाही, पण सारे शास्त्र त्या फरकातच आहे. पहिल्या उदाहरणात दोन घटना एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत. दुसऱ्यात पहिल्या पानाने दुसऱ्याचे गणित बदलले. हा भेद डी मॉयव्हरने इतक्या स्वच्छ शब्दांत मांडला, की आज शाळेत आपली मुले तोच शिकतात.

हाच नियम तीन पत्तीला लावून पाहू. तीनही पाने सारखी, म्हणजे ट्रेल, किती वेळा लागावी? पहिले पान कोणतेही चालेल. उरलेल्या ५१ पानांत त्याच्या जातीची ३ आहेत. ते जमले तर उरलेल्या ५० मध्ये २. तीन भागिले एकावन्न गुणिले दोन भागिले पन्नास, म्हणजे ४२५ त एक. दिवाळीच्या एका रात्रीत कोणाला दोनदा ट्रेल लागली तर कौतुक जरूर करा, आणि पुढच्या वेळी पत्ते नीट पिसा!

व्हिस्ट आणि आपला मेंढीकोट

अठराव्या शतकात लंडनमध्ये व्हिस्ट हा खेळ लोकप्रिय होत गेला. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन जोडीदार, प्रत्येकी तेरा पाने, एक रंग हुकमाचा. मेंढीकोट खेळणाऱ्याला ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. व्हिस्टमध्ये हुकमाचे एक्का, राजा, राणी आणि गुलाम यांना मान असे. ही चारही पाने एकाच बाजूकडे आली तर तिला जास्तीचे गुण मिळत. साहजिकच खेळणाऱ्यांना प्रश्न पडे, की असे कितीदा घडते?

डी मॉयव्हरने याचे उत्तर काढून दिले. पत्ते वाटणाऱ्याच्या बाजूकडे चारही मानाची पाने न येण्याची पैज २७ ला २ अशी बसते, म्हणजे २९ डावांत साधारण दोनदाच ती येतात. समोरच्या बाजूची पैज २३ ला १. हा फरक का? वाटणाऱ्याचे शेवटचे पान सर्वांना उघडे करून दाखवत आणि त्याच्याच रंगाचा हुकूम ठरत असे. म्हणजे वाटणाऱ्याकडे हुकमाचे एक पान आधीच पक्के. एवढ्या एका पानाने पारडे किती झुकते, हे त्याने आकड्यांत दाखवले.

मेंढीकोटात चार दश्श्यांचा मान असतो. त्या नुसत्या हातात येऊन भागत नाही, हात करून जिंकाव्या लागतात हे खरे. पण वाटपापुरता हिशेब याच रीतीने होतो. आपल्या जोडीकडे ५२ पैकी २६ पाने येतात. पहिली दश्शी आपल्याकडे असण्याची शक्यता ५२ त २६, दुसरी ५१ त २५, तिसरी ५० त २४, चौथी ४९ त २३. चारही गुणले तर साधारण १८ डावांत एक असे उत्तर येते. समोरच्या जोडीचेही तेवढेच. म्हणजे चारही दश्श्या कोणत्या तरी एका जोडीकडे जाणे हे साधारण नऊ डावांत एकदा व्हायचेच. एका बैठकीत दोनदा झाले तरी त्यात कोणाची लबाडी शोधू नये.

एकट्या खेळाडूच्या हातात चारही दश्श्या मात्र सुमारे ३७९ डावांत एकदा येतात. आणि एकही दश्शी न येणे? ते १०० डावांत ३० वेळा होते. तेव्हा रिकामा हात आला म्हणून कपाळाला हात लावायचे कारण नाही.

जुगारी, कॉफी हाऊस आणि नशीब

सेंट मार्टिन्स लेनमध्ये स्लॉटर्स नावाचे कॉफी हाऊस होते. तिथे फ्रान्समधून आलेल्या मंडळींचा अड्डा जमे आणि बुद्धिबळाचे डाव पडत. डी मॉयव्हर तिथे बसायचा. पत्त्यांवर, फाशांवर पैज लावणारे आणि विम्याचा धंदा करणारे लोक आपापले प्रश्न घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो पैसे घेऊन उत्तर काढून द्यायचा. न्यूटनचे घर तिथून जवळच होते. संध्याकाळी न्यूटन कधी कधी स्वतः येऊन त्याला गप्पांसाठी घरी घेऊन जाई, असे सांगतात. ते कॉफी हाऊस १८४० च्या दशकात पाडले गेले, पण गल्ली अजून आहे.

त्या काळी बॅसेट आणि फॅरो या खेळांचे मोठे वेड होते. एक जण बँक धरतो, बाकीचे पानांवर पैसे लावतात. वरवर पाहता दोन्ही बाजू सारख्या दिसतात. डी मॉयव्हरने पानापानाचा हिशेब मांडून दाखवले, की नियमांतल्या बारीक सवलतींमुळे बँक धरणाऱ्याचा थोडासा का होईना पण कायमचा फायदा होतो. एका डावात तो जाणवत नाही. रोज रात्री खेळले तर त्यात घर बुडते.

हे पुस्तक जुगार वाढवील असा आक्षेप लोक घेतील, हे त्याला ठाऊक होते. त्याचे म्हणणे उलट होते. ज्याला हिशेब कळतो तो नशिबाच्या भुलाव्यात सापडत नाही. आपल्या महाभारतात नळराजा द्यूतात सर्वस्व घालवतो आणि पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून राज्य परत जिंकतो. डी मॉयव्हरने अशी जिंकायची विद्या विकली नाही. पुढचे पान कोणते येईल हे सांगता येत नाही, पण हजार डावांत काय होईल हे बरेच सांगता येते, एवढेच त्याने शिकवले.

सर्वांत जास्त माणसे फसतात ती एका समजुतीने. चार डाव एकही दश्शी आली नाही, तर आता पाचव्या डावात यायलाच हवी, असे मनाला वाटते. हिशेब काय म्हणतो? चार डाव सलग दश्शी न येणे हे सव्वाशे वेळांत एखाद्या वेळेस होणारे, खरेच दुर्मीळ. पण ते होऊन गेले. पत्ते नव्याने पिसले की त्यांना मागचे काही आठवत नाही. पाचव्या डावातही एकही दश्शी न येण्याची शक्यता पूर्वीइतकीच, शंभरात ३०. घोड्यांच्या शर्यतीपासून लॉटरीपर्यंत आणि हल्ली मोबाइलवरच्या रमीपर्यंत, आता तरी येईलच या एका वाक्याने किती पगार गेले असतील! मुलांना पत्ते खेळू द्यावेत की नाही यावर आपल्याकडे नेहमी वाद होतो. आमचे मत असे, की खेळू द्यावेत, पण त्याबरोबर हा हिशेबही शिकवावा.

घंटेच्या आकाराची रेघ

१७३३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने एक छोटी लॅटिन पुस्तिका छापून मित्रांना वाटली. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. प्रश्न असा होता: नाणे खूप वेळा उडवले तर छापे बरोबर अर्धे पडत नाहीत, मग अर्ध्यापासून किती दूर जातात? त्याने ३,६०० वेळा उडवण्याचे उदाहरण घेतले. छापे १,८०० च्या आसपास पडतील. ते १,७७० ते १,८३० च्या दरम्यान असण्याची शक्यता शंभरात सुमारे ६८ आहे, असे त्याने काढले. म्हणजे ३,६०० त फरक साधारण तीसचा. नाणी चौपट उडवली तर फरक चौपट होत नाही, दुपटीएवढाच वाढतो.

या हिशेबातून जी घंटेच्या आकाराची वक्ररेषा निघते ती आज परीक्षेच्या गुणांपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत सगळीकडे वापरतात. पुढे गाऊसच्या नावाने ती जास्त प्रसिद्ध झाली. पण तिचा पहिला हिशेब शिकवण्या घेऊन पोट भरणाऱ्या या म्हाताऱ्याचा.

पत्त्यांकडून माणसांकडे

डी मॉयव्हरच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते पत्त्यांच्या पलीकडचा आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये तहहयात वर्षासन विकत घ्यायची पद्धत होती. आज एकरकमी पैसे द्यायचे आणि मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम घ्यायची. पण त्याची रास्त किंमत काय? तीस वर्षांचा माणूस आणि साठ वर्षांचा माणूस यांच्याकडून एकच रक्कम घेणे योग्य नाही, हे कोणालाही कळेल. किती फरक ठेवावा हे मात्र फारसे कोणाला सांगता येत नव्हते.

हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक तक्ता केला होता. तो तक्ता पुढे ठेवून डी मॉयव्हरने १७२५ मध्ये वर्षासनांवर पुस्तक लिहिले. त्याने एक सोपा नियम धरला: बारा वर्षांपासून पुढे दरवर्षी सारखीच माणसे कमी होत जातात आणि ८६ व्या वर्षी कोणी उरत नाही. मग हिशेब अगदी सुटसुटीत होतो. पन्नाशीच्या माणसाला जास्तीत जास्त ३६ वर्षे, सरासरीने १८. नियम ढोबळ होता, पण कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही वापरता येई. गठ्ठ्यातून एकेक पान कमी होत जाते तसे त्याने माणसांचे आयुष्य मोजले. विषय रुक्ष वाटेल, पण त्यावर विधवांचा आणि पोरक्या मुलांचा घास अवलंबून होता.

त्याचा विद्यार्थी जेम्स डॉडसन याची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. डॉडसनला आयुर्विमा उतरवायचा होता. लंडनच्या अमिकेबल सोसायटीत सगळ्या वयांना एकच वर्गणी असे आणि ४५ च्या पुढच्यांना घेतच नसत. डॉडसनला नकार मिळाला. तेव्हा त्याने वयाप्रमाणे हप्ता ठरवणाऱ्या नव्या संस्थेचे गणित मांडले. १७५७ मध्ये तो वारला, पण १७६२ मध्ये त्याच पायावर इक्विटेबल सोसायटी उभी राहिली. आज आपण घराच्या कर्जाबरोबर विमा घेतो तेव्हा वय विचारतात, ते इथून सुरू झाले. याच डॉडसनचा पणतू ऑगस्टस डी मॉर्गन हा थोर गणिती. त्याचा जन्म १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईला झाला होता.

अखेरचे दिवस

डी मॉयव्हरने लग्न केले नाही. म्हातारपणापर्यंत तो शिकवत राहिला आणि पैजांची, वर्षासनांची गणिते करून देत राहिला. त्याचा विद्यार्थी मार्टिन फोक्स रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. कवी अलेक्झांडर पोपने आपल्या एका प्रसिद्ध काव्यात त्याचे नाव घातले. १७३५ मध्ये बर्लिनच्या अकादमीने त्याला सभासद केले. आणि १७५४ मध्ये, ज्या पॅरिसमधून त्याला जावे लागले होते तिथल्याच अकादमीने त्याला परदेशी सभासद म्हणून निवडले. तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. आपल्या जन्मभूमीकडून असा मान मिळायला त्याला जवळजवळ सत्तर वर्षे थांबावे लागले, आणि मिळाला तोही परदेशी म्हणून.

त्यानंतर काही महिन्यांतच, २७ नोव्हेंबर १७५४ रोजी तो लंडनमध्ये वारला. शेवटी शेवटी त्याची झोप फार वाढली होती. त्यावरून एक दंतकथा निघाली, की झोप रोज काही मिनिटांनी वाढते हे पाहून त्याने स्वतःच्या मृत्यूचा दिवस गणिताने काढला होता. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. खरी गंमत तिच्याहून वेगळी आहे. १७२५ मध्ये तो ५८ वर्षांचा होता. त्याच्याच नियमाप्रमाणे त्याला सरासरीने आणखी १४ वर्षे मिळायची आणि ८६ च्या पुढे तर कोणीच जगायचे नव्हते. तो साडेसत्याऐंशी वर्षे जगला! शंभर माणसांचे काय होईल ते गणित सांगते. त्यातल्या एकाचे काय होईल ते सांगत नाही, आणि त्याने तसा दावाही कधी केला नव्हता.

त्याला सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये पुरले. पुढे तिथून त्याचे अवशेष हलवण्यात आले. ट्रॅफल्गार स्क्वेअरला आपण सगळेच जातो, पाहुण्यांना घेऊन तर हमखास. चौकाच्या कोपऱ्यावरचे उंच मनोऱ्याचे चर्च ते हेच. तिथून सेंट मार्टिन्स लेनमध्ये चालत जायला दोन मिनिटे लागतात. मुले बरोबर असतील तर त्यांना सांगा, की खिशात पुस्तकाची पाने घालून एक फ्रेंच मास्तर या गल्लीतून शिकवणीला जायचा.

बालमित्रांसाठी कोडे

बदामचे तेरा पत्ते नीट पिसून पालथे ठेवा. न बघता एकापाठोपाठ तीन पाने काढा. पहिले एक्का, दुसरे दुर्री आणि तिसरे तिर्री, अशा क्रमानेच निघण्याची शक्यता किती? आई-बाबांना आधी अंदाज करायला सांगा, मग गुणाकार करा. (उत्तर: तेरा गुणिले बारा गुणिले अकरा, म्हणजे १,७१६ त एक. अंदाज चुकला तर पुढचा चहा त्यांनी करावा!)